पांढऱ्या लग्नाचा पुरावा

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत नाव घातलेलं, पण वर्गात बसलो नाही, गॅरेजमध्ये बसलो. पुढे खोपटच्या एसटी डेपोत टायर सेक्शनला लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याकडून मोठमोठ्या शब्दांची आशा धरू नये. मी हे लिहायला बसलो त्याचं कारण एकच. माझ्या मुलीचं लग्न खरं आहे, हे मला कागदावर सिद्ध करायला लावलं. ते करताना तोंडाला जी कडू चव आली ती अजून गेलेली नाही.

मुलगी एकुलती एक. कल्याणला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. जावई अमेरिकेत. त्याचे आईबाप मूळचे डोंबिवलीचे, आमच्यातलेच. पोरगा लहान असताना सगळे तिकडे गेले, तो तिकडचाच नागरिक झाला आणि आता एका इस्पितळात एक्स-रे काढतो. दोघांची गाठ एका नातेवाइकाच्या घरी पडली, पुढे फोनवर बोलत राहिले, मग दोन्ही घरी सांगितलं. मला काही अडचण नव्हती. पोरगा मान खाली घालून बोलतो. मराठी मोडकं बोलतो, पण बोलतो.

लग्न मी माझ्या पद्धतीने लावलं. कोपरीत आमच्या विहारात, सकाळच्या वेळी. हळद नाही, बँड नाही, वरात नाही. आहेर घेणार नाही हे पत्रिकेवरच छापलेलं. पोरगी पांढऱ्या साडीत, पोरगा पांढऱ्या सदऱ्यात. समोर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी आमच्या घराघरांत असते ती निळ्या कोटातली तसबीर. बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील दिलं, दोघांनी प्रतिज्ञा म्हटल्या, हार घातले, लोकांनी फुलं टाकली. झालं लग्न. आमच्यात आता बरेच जण मंगळसूत्र घालतात, हळदही लावतात. ज्याची त्याची मर्जी. मी लावू दिली नाही. माझ्या बापाने धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीला सोडले होते. ते मी मागच्या दाराने परत आणणार नव्हतो.

फोटोलाही वेगळा माणूस लावला नाही. पुतण्याने मोबाइलवर काढले. त्यात नवरा-नवरी एकमेकांपासून हातभर लांब उभे, कारण समोर मी, त्याचा चुलता आणि विहारातली सगळी म्हातारी माणसं. असंच उभं राहतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जावई पंधरा दिवस राहून परत गेला आणि बायकोला बोलावून घेण्याचा अर्ज त्याने तिकडे केला. वर्ष उलटलं तेव्हा तिकडून पत्र आलं. पुरावे पुरेसे नाहीत. लग्न नुसतं व्हिसासाठी केलेलं नसून खरं आहे, हे दाखवणारं आणखी काही द्या. मुदत घालून दिलेली. त्यात दिलं नाही तर अर्ज बाद.

मुलगी पत्र मराठी करून सांगत होती आणि मी ऐकत होतो. महानगरपालिकेचा दाखला होता, शिक्क्यासकट. विहाराचं प्रमाणपत्र होतं. एवढी माणसं जेवून गेलेली. आणखी खरं कसं करायचं असतं लग्न?

पण मुलीचं तोंड बघवत नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायका तिला जिन्यात धरायच्या. "काय गं, अजून इथंच?" एक तर तोंडावर म्हणाली, "तिकडे त्याची दुसरी कुणी असेल, बघ बाई." तेव्हापासून पोरगी जिन्यात कुणी नाही असं बघून उतरायची. कामावरून आली की मोबाइल घेऊन खिडकीत बसायची. अर्ज बाद झाला तर तिचं काय, हे आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांशी बोलत नव्हतो. पण घरात दुसरा विषयच नव्हता.

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर असल्या कामांचा सल्ला देणारं ऑफिस होतं. मी आणि मुलगी गेलो. बाहेर चपला काढायच्या, आत एसी. सल्लागार पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मला काका म्हणायचा. मी त्याचा काका नाही.

सगळ्यात आधी त्याने दोघांचं मोबाइलवरचं बोलणं मागितलं. सगळं, छापून.

मुलगी म्हणाली, "सर, त्यात पर्सनल असतं."

"मॅडम, पर्सनलच पाहिजे. गुड मॉर्निंग तर सगळेच पाठवतात."

स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ते छापायला मी गेलो, कारण मुलीला तिथे उभं राहायची लाज वाटत होती. पानं मशीनमधून बाहेर येत होती आणि तो गडी एकेक उचलून वाचत होता.

"काका, जावई काय हॉटेलात कामाला आहे?"

"का?"

"नाही, सारखं एकच. जेवलीस का, काय जेवलीस, जेवून घे. बाकी काय बोलतच नाही माणूस."

"तू पानं मोज."

"मोजतोय ना. पण नवीन लग्न आहे, जरा तरी..."

"जरा तरी काय?"

तो मशीनकडे वळला. मी तो गठ्ठा पिशवीत घातला तेव्हा वाटलं, पोरीचे धुवायचे कपडे घेऊन बाजारातून चाललोय.

नौपाड्याच्या त्या पोराने पिवळा मार्कर काढला आणि माझ्यासमोर, मुलीसमोर, पान उलटत गेला. 'मिस यू' दिसलं की पिवळं. 'लव्ह' दिसलं की पिवळं. खूप पानं उलटून झाल्यावर टोपण लावलं आणि म्हणाला, "थोडं कोरडं आहे."

मग विचारलं, "हनिमूनला कुठे गेले होते? हॉटेलचं बिल असेल?"

"कुठे गेले नाहीत," मी बोललो.

"मग राहिले कुठे?"

"आमच्याकडे."

"घर केवढं आहे काका?"

"एक खोली आणि स्वयंपाकघर."

"आणि तुम्ही, काकू?"

आमच्यासारख्या घरांत नवीन जोडपं आलं की म्हातारी माणसं आपसूक कुठेतरी जातात. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. आम्ही दोघं जावई परत जाईपर्यंत कल्याणला माझ्या मेहुणीकडे राहिलेलो. निघताना ही शेजारणीला म्हणाली, बहिणीचा गुडघा धरलाय, मदतीला जाते. शेजारीण म्हणाली, हो बाई, जावंच लागतं. मेहुणीचा गुडघा ठणठणीत होता. सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि तरी ते झाकून ठेवतात, त्यालाच आम्ही रीत म्हणतो. आता ते मी ह्या पोराला एसीत बसून उलगडून सांगू?

"होती सोय," एवढंच बोललो.

त्याने लिहून घेतलं नाही. मग लग्नाचे फोटो काढून टेबलावर मांडले. बघत बसला. एक उचलला, दुसरा उचलला.

"काका, रागावू नका. यात लग्न कुठे आहे?"

"हे काय मग?"

"नाही, म्हणजे सगळे पांढऱ्यात. मेणबत्त्या. फोटोला हार घातलेला. कुणी हसत नाही. मला तर वाटलं, चुकून शोकसभेचे फोटो दिलेत."

मी उठलो. मुलीने माझ्या सदऱ्याचं टोक धरून मला खाली बसवलं. तिने असं कधी केलं नव्हतं. म्हणून बसलो.

तो बोलतच होता. तिकडच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात हिंदुस्थानातलं लग्न म्हणजे लाल शालू, होम, सात फेरे, गळ्यात मंगळसूत्र, नाचणारी माणसं. ते दिसलं नाही की त्याला संशय येतो. यावर उपाय आहे. डोंबिवलीत एक हॉल आहे, अर्ध्या दिवसाचं काम. शालू, शेरवानी, होम, गुरुजी, सगळं तिथलंच. जावई येत्या महिन्यात सुट्टीवर येतोय ना, मग उरकून घेऊ.

"म्हणजे खोटं लग्न," मी बोललो.

"खोटं कसं काका? लग्न तर खरंच झालंय. आपण फक्त ते लग्नासारखं दाखवायचं."

डेपोत झिजलेल्या टायरवर नवीन पट्टा चढवायचे, त्याला रिमोल्ड म्हणतात. लांबून टायर नवा दिसतो. पण आमच्याकडे निदान त्याच्यावर खडूने तसं लिहायचे, म्हणजे कुणी तो चुकून पुढच्या चाकाला लावू नये. ह्या पोराचा सगळा धंदाच खडू पुसायचा.

घरी येऊन मी सांगून टाकलं, हे होणार नाही. पंचशील घेऊन लग्न लागलं, त्यातलं चौथं शील खोटं बोलू नये हेच आहे. ज्या लग्नात ते घेतलं त्याच लग्नाचं खोटं करायचं?

ही कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या चौथ्या शिलापायी पोरगी इथंच म्हातारी होईल."

"तुला चालेल? होमापुढे बसलेली?"

"मला काय चालतंय ते कधी विचारलंत? मला मंगळसूत्र पण चाललं असतं. चार तास नटायचं, फोटो काढायचे, घरी यायचं. मुंबईत पोरं सिनेमात नाही का राजे होत?"

"सिनेमावाले ते तिकीट लावून दाखवतात. सरकारला खरं म्हणून देत नाहीत."

मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही नाही आलात तरी चालेल. कन्यादानाला बाप लागतो, पण त्यांच्याकडे माणूस असतो."

"कसला माणूस?"

"असतो एक म्हातारा. ज्यांचे वडील येत नाहीत त्यांचा तो होतो."

ही हसली. मग हसायची थांबली. त्या रात्री मी जेवलो नाही. होमापुढे बसायचं की माझ्या जागी दुसरा बसलेला बघायचा, यातलं जास्त किळसवाणं काय, हे मी ठरवत होतो. सकाळी बोललो, येतो मी. पटलं म्हणून नाही. माझ्या पोरीचा बाप दुसरा कुणी होणार नाही म्हणून.

जावई आल्यावर आम्ही चौघं डोंबिवलीला गेलो. हॉल कसला, गाळा होता. खाली टाइल्सचं दुकान, वर हे. एका भिंतीला मांडव, तोही तीनच बाजूंचा, कारण चौथ्या बाजूने कॅमेरा. झेंडू प्लास्टिकचे. होमाच्या कुंडात खाली गॅसची शेगडी आणि वर सिमेंटची लाकडं. आमच्या आधी एका दुसऱ्या जोडप्याचं चाललेलं. फोटोवाला ओरडत होता, "नवरीचे पप्पा, जरा डोळ्यांत पाणी आणा."

ते पप्पा म्हणजे तोच म्हातारा. माझ्याच वयाचा, अंगावर भाड्याचा फेटा. फोटो झाला तसा तो येऊन माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसला आणि कागदातला वडापाव काढला.

"तुमची कितवी?" त्याने विचारलं.

"एकच आहे."

"बरं आहे. माझ्या आज दोन गेल्या." वडा चावत म्हणाला, "रडायचं काही विशेष नाही हो. मी चटणीचा हात लावतो डोळ्याला."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. समोर पडद्याच्या मागून माझी पोरगी बाहेर आली, लाल शालूत. तोंडावर असला लेप दिलेला की तिचा सावळा रंग कुठे गेला कळेना. त्या मेकअपवालीने वरून मला सांगितलं, "बाबा, कशी उजळलीय बघा." जावई शेरवानीत आवळलेला. शेरवानी मागून टाचण्या मारून घट्ट केलेली, त्याला धड वाकताही येत नव्हतं. माझ्या डोक्यावर एक पोरगा टोपी ठेवायला आला. मी ती हातात घेतली आणि हातातच ठेवली.

आम्हाला पाटावर बसवलं. शेगडी पेटवली. समोर गुरुजी बसलेले, खरे गुरुजी, साठीच्या आतबाहेरचे, अंगावर उपरणं. फोटोवाला म्हणाला, "हां गुरुजी, मंत्र." गुरुजींचे ओठ हलायला लागले. हात पुढे आले, पळी उचलली, पाणी सोडलं. कॅमेरा खटाखट वाजत होता. मी अगदी समोर होतो म्हणून माझ्या ध्यानात आलं. आवाजच नव्हता. नुसते ओठ.

मी विचारलं, "गुरुजी, काय म्हणताय?"

त्यांनी फोटोवाल्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "काही नाही म्हणत. ओठ हलवतो. फोटोत आवाज येत नाही."

मला वाटलं, हे आमच्यामुळे. माझ्या मनात पहिलं तेच आलं, सवयीने. बोललो, "आमच्यासाठी मंत्र म्हणवत नाहीत का तुम्हाला?"

"छे हो. इथे कुणाचेच म्हणत नाही. मघाच्या मुलीचेही नाही म्हटले." ते थोडे चिडलेच. "मंत्र म्हटले तर लग्न लागतं. खोट्या लग्नाला खरे मंत्र म्हटले तर मला पाप. पोटासाठी येतो, पण तेवढं नाही करत."

फोटोवाला म्हणाला, "गुरुजी, चला ना, पुढची पार्टी खाली उभी आहे."

मी त्या माणसाकडे बघत बसलो. ज्या मंत्रांना माझ्या बापाने पाठ फिरवली तेच मंत्र तो सांभाळत होता. त्या अख्ख्या गाळ्यात माझ्याइतकी किळस आलेला तो एकटाच, आणि तो माझ्या समोरच्या बाजूला बसलेला.

मुलीने विचारलं, "गुरुजी, म्हणजे तुमच्या हिशोबाने हे लग्नच नाही."

"नाही बाळ."

"आमच्या हिशोबाने पण नाही," ती म्हणाली आणि उठली. कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या, घडी करून त्या मेकअपवालीच्या हातात दिल्या. घाईत नाही, रागात नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, उठा. पाय अवघडतील."

दोघांनी भाड्याचे कपडे उतरवले, आपले घातले आणि आम्ही खाली आलो. रिक्षात बसल्यावर ही सुरू झाली. "बापावर गेलीय. आता बसा दोघं चौथं शील धरून." पण तिचा हात पोरीच्या पाठीवर होता, आणि पदराने ती तिच्या मानेवरचा लेप पुसत होती.

जावई पुढे ड्रायव्हरजवळ. बऱ्याच वेळाने मागे वळून म्हणाला, "पप्पा, आता मी काय सबमिट करू? मला भीती वाटते."

"तू तिला सारखं जेवलीस का एवढंच का विचारतोस?" मी विचारलं. कधीपासून ते डोक्यात होतं.

तो लाजला. "दुसरं काय विचारू कळत नाही. इतक्या लांबून. ती जेवली म्हणजे मग दिवस ठीक आहे, असं वाटतं."

पिवळ्या मार्करवाल्याला ह्यातलं काही दिसलं नव्हतं.

खोट्याला आम्ही नाही म्हटलं होतं, म्हणजे आता खरं मला द्यायला हवं होतं. फुलस्केप कागद आणले आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा राहून लिहायला घेतलं, कारण बसून लिहायला आमच्याकडे टेबल नाही. नवरीच्या बापाचं निवेदन. मराठीत. विहारातल्या एक रिटायर बाई इंग्रजी करून देणार होत्या.

डेपोत आयुष्य गेलं, मी कुणाला जात सांगितली नाही आणि लपवली नाही. आडून आडून विचारणारे खूप भेटले. त्यांना मी सरळ विचारायचो, तुला कशाला पाहिजे? तिथे विषय संपायचा. आता एका परक्या माणसाला, ज्याचं तोंड मी बघितलं नाही, ते सगळं आपणहून लिहून द्यायचं होतं. आम्ही कोण. आज्याला देवळाच्या पायरीवर का उभं करत नव्हते. बापाने देव नदीला का सोडले. आमच्यात लग्नाला पांढरं का नेसतात, होम का नाही. एकेक ओळ लिहिताना वाटायचं, कुणीतरी आपल्याला भर चौकात अंगातला सदरा काढायला लावतंय. लिहायचो, खोडायचो, ओट्यावरून बाजूला व्हायचो. ही कुकर लावायला आली की कागद उचलायचो.

तरी ते लिहिलं. त्यात मान खाली घालण्यासारखं आमच्याकडून काही घडलं नव्हतं. पेन अडलं ते पुढे.

"मेहुणीकडचं पण लिहा," ही म्हणाली.

"ते कशाला?"

"नाहीतर त्यांना वाटेल पोरगी इथे आणि जावई हॉटेलात. बिल नाही ना आपल्याकडे. मग आपण बाहेर झोपलो हेच बिल."

"बापाने लिहायचं हे?"

"मग कुणी? शेजारणीने?"

शेवटी लिहिलं. घर लहान असल्याने मी व माझी पत्नी जावई येथे असेपर्यंत कल्याण येथे मेहुणीच्या घरी मुक्कामास होतो, रोज रात्री तेथेच झोपत होतो. खाली सही केली. असली सही मी आयुष्यात केली नव्हती.

नौपाड्याच्या ऑफिसात आता परत जाणं आलं, कारण त्याचे पैसे आधीच भरलेले आणि कागद त्याच्याच हातून तिकडे जायचे होते. डोंबिवलीचं त्याला कळलेलं. तोंड वाकडं करूनच त्याने माझं निवेदन वाचायला घेतलं. वाचता वाचता खुर्चीत सरळ झाला.

"काका, हे तर सोनं आहे. आधी का नाही सांगितलंत?"

"तू शोकसभा म्हणालास."

"सॉरी, सॉरी. पण आता ऐका. हे थोडं वाढवू. गावात त्रास दिला, वाळीत टाकलं, मारहाण झाली. अशा गोष्टी ऑफिसरला टच होतात."

"आम्हाला कुणी मारलं नाही."

"तुम्हाला नसेल, पण समाजात होतंच ना?"

"मग ज्याला मारलं त्याच्याकडून लिहून घे."

होमाच्या फोटोंपेक्षा मला याची शिसारी जास्त आली. तिथे निदान शालू भाड्याचा होता. हा आमच्या माणसांच्या पाठीवरचे वळ भाड्याने मागत होता. मी मुलीला म्हटलं, कागद आहे तसाच लावायचा, एक शब्द वाढवला तर मी सही मागे घेतो. तिने तेच त्याला सांगितलं. माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत, पण तेच.

कागद गेले. विहाराच्या बायकांनी, डेपोतल्या माझ्या दोघा जुन्या सोबत्यांनी, मेहुणीनेही आपापलं लिहून दिलेलं. मेहुणीने तर गुडघ्याचंही लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. मग वाट बघणं. जिन्यातल्या बायका परत विचारायला लागल्या. बऱ्याच महिन्यांनी कळलं, अर्ज पुढे सरकला. आणि त्यानंतर मुलीला मुंबईला मुलाखतीला बोलावलं.

त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो, पण आत सोडत नाहीत. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा चालत होती नेहमीसारखी, म्हणून मला काहीच कळेना.

"काय झालं?"

"झालं, पप्पा. पासपोर्ट ठेवून घेतला."

"म्हणजे?"

"म्हणजे देणार व्हिसा."

मी मग विचारलं, "पांढऱ्या कपड्यांचं काय विचारलं?"

"काहीच नाही."

"होमाचं? धम्माचं?"

"नाही विचारलं. काचेपलीकडे एक बाई होती. तिने विचारलं, लग्नानंतर कुठे राहिलात? म्हटलं, पप्पांच्या घरी. मग म्हणाली, घर केवढं? सांगितलं. आणि आईवडील कुठे होते? म्हटलं, मावशीकडे, कल्याणला. का, असं विचारलं तिने." मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी काय बोलणार? गप्प राहिले. तिने समोरच्या कागदावर बघितलं आणि हसली. तुमचाच कागद असणार. मग म्हणाली, ओके."

घरी आल्यावर ही पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला. "मी सांगत होते ना, तेच बिल म्हणून."

मला हसू आलं नाही. बापाचं, आज्याचं, देवळाच्या पायरीचं, जे मी अंगातून उपसून काढलं, त्यावर कुणी बोटही ठेवलं नाही. आणि जे झाकून ठेवायची आमची रीत, त्याच्यावर शिक्का बसला. पोरगी गेली, सुखात आहे. जावई फोनवर आता मला विचारतो, जेवलात का. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण तो कागद तिकडे कुठल्यातरी कपाटात आहे, माझ्या सहीचा. मी कुठे झोपलो होतो ते त्यावर लिहिलेलं आहे, आणि येणारा-जाणारा कुणीही ते वाचू शकतो. काम झालं तर तो परत मिळेल का, म्हणून मी नौपाड्याला जाऊन विचारलं. नाही म्हणाले. परत विचारणार आहे.